वळणावरचे तीन कौल

दिनांक १२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी सात वाजून पाच मिनिटे. वेळ अचूक आहे. रस्त्यावर पितळी ताट पडल्याचा आवाज आला तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होतो. ताट आमचे आहे हे मी आवाजावरून ओळखले. बेचाळीस वर्षे ते ताट मी ऐकत आलो आहे.

घरापासून वळण साठ पावलांवर आहे. मी धावलो नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी धावणारा माणूस मदतीला पोचत नाही, मदत लागणाऱ्यांत जमा होतो. पोचलो तेव्हा पत्नी डांबरावर बसली होती. तिच्या डाव्या घोट्याला खरचटले होते. जास्वंदीची फुले रस्ताभर पसरली होती. शेजारी एक स्कूटर आडवी पडली होती आणि तिची मालकीण, पालीची पन्नाशीतली एक कोळीण, आधी माशांचा टब सरळ करावा की समोरच्या बाईला उठवावे, अशा विचारात उभी होती. तिने बाईला आधी उठवले. हे मी तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

जागेची कल्पना देणे आवश्यक आहे. उत्तन-पालीकडून येणारा रस्ता आमच्या मोरवा गावाजवळ, भाईंदरकडे जाताना, डावीकडे काटकोनात वळतो. वळणाच्या पोटात आमची जुनी भातजमीन आहे. आता तिच्यात भात नाही, भराव आहे. तिच्याभोवती माझी सहा फुटांची भिंत आहे. वळण संपताच, त्याच भिंतीला पाठ लावून, वेशीचा देव आहे. देव म्हणजे शेंदूर लावलेला कमरेइतका उंच दगड. तो गावाचा राखणदार असल्यामुळे त्याचे तोंड दक्षिणेकडे. त्याचे पाय आणि डांबर यांच्यात एक वीत अंतर. त्यामुळे देवाला हात जोडायचे तर माणसाने डांबरावर, रहदारीकडे पाठ करून उभे राहावे लागते.

पत्नी लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून रोज सकाळी तिथे तशी उभी राहते. त्या काळी त्या रस्त्याने मिठाच्या बैलगाड्या जात. बैल देवाला नमस्कार करीत नसत. ते समोर पाहून चालत.

कोळणीने मात्र नमस्कार केला होता. देवाला वंदन करीत असताना तिने देवाच्या भक्ताला धक्का दिला होता. स्कूटरचा आरसा पदरात अडकला, पदर फाटला, म्हणून पत्नी चाकाखाली न जाता बाजूला बसली. पदर मजबूत असता तर काय झाले असते, हे मी लिहिणार नाही.

घरी हळद लावताना मी पत्नीला सांगितले की उद्यापासून देवाला घरातूनच हात जोडायचे.

"देव घरी येणार आहे का?" तिने विचारले.

"नाही."

"मग मी जाते."

गतिरोधकासाठी अर्ज लिहितो, असे मी म्हणालो. अर्ज किती पानांचा, असे तिने विचारले. दोन, मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली की अर्जाची दोन पाने वाचून होईपर्यंत वळणावरच्या देवाकडे जाण्याची गरजच उरणार नाही, वरच्या देवाची प्रत्यक्ष भेट झालेली असेल. नंतर तिने ताटाला पोचा आला आहे का ते पाहून यायला सांगितले. आला होता.

स्थिती अशी होती. ती जाणे थांबवणार नव्हती. वाहने येणे थांबणार नव्हती. उद्या सकाळी सात वाजता ती पुन्हा त्याच जागी, त्याच बाजूला पाठ करून उभी राहणार होती. माझ्याकडे एक दिवस होता.

मी हाटकेशच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस होतो. यंत्राचा भाग मापात आहे की नाही ते पाहायचे आणि नसेल तो बाजूला काढायचा, एवढेच माझे काम. भाग मापात नसेल तर त्याच्यावर रागावून उपयोग नसतो. चूक कोणत्या टप्प्यावर झाली ते शोधावे लागते. साडेसात वाजता मी घडीची खुर्ची, टेप, खडू आणि वही घेऊन वळणाच्या समोरच्या बाजूला जाऊन बसलो.

पहिल्या पाव तासातच दोष सापडला. दुचाकीवरचा प्रत्येक माणूस वळण घेताना देवाला नमस्कार करीत होता, आणि प्रत्येक जण तो उजव्या हाताने करीत होता. डाव्या हाताने देवाला नमस्कार करणारा माणूस आमच्या भागात जन्मलेला नाही. पण पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. म्हणजे वळणाच्या ऐन कोपऱ्यावर, जिथे पुढचे काही दिसत नाही, तिथे ब्रेकचा हात कपाळावर, आणि श्रद्धा जास्त असेल तर डोळेही मिटलेले.

प्रकार अनेक होते. काही जण फक्त बोटे ओठांना लावीत. काही कपाळ, छाती असा दोन थांब्यांचा नमस्कार करीत. एका गृहस्थाने दोन्ही हात जोडले आणि स्कूटर देवाच्या भरवशावर सोडली. ती देवाने पार नेली. मागे बसलेल्यांचा नमस्कार निर्दोष होता, पण त्याचा रहदारीला उपयोग नव्हता.

वही पाहून लोक थांबू लागले. एकाने मतदारयादीचे काम चालू आहे का विचारले. दुसऱ्याने आवाज खाली आणून हिंदीत चौकशी केली की रस्ता रुंद होणार असेल तर कोणाची जागा जाणार. मी कोणालाही उत्तर दिले नाही, त्यामुळे दोघांचीही खात्री पटली. साडेआठनंतर काही जणांनी देवाला केलेला नमस्कार तसाच पुढे ओढून मलाही लागू केला. म्हणजे आता हात दुप्पट वेळ सुटू लागला. मी खुर्ची मागे घेतली.

नवाच्या सुमारास ती कोळीण माल देऊन रिकाम्या टबासह परत आली. पत्नीसाठी तिने पिशवीत दोन पापलेट ठेवले होते. मी पिशवी घेतली आणि तिला प्रश्न विचारले. नमस्कार किती वेळ चालतो, असे विचारताच तिने करून दाखवला. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. चार थांब्यांचा क्रूस. मी तिला म्हणालो की हा देव तिच्या धर्माचा नाही.

"काका, रस्ता माझा हाय का?" ती म्हणाली. "तरी मी रोज जातंय ना त्याच्यावरून. वाटेवरचा देव सगल्यांचा."

मी वहीत लिहिले: दोष, उजवा हात. ती वाकून पाहत होती.

"खोटा लिवू नका," ती म्हणाली. "हात सोडला ती माझी चूक, मी काकींच्या पाया पडते. पन दोन्ही हात धरून आली असती तरी काकी मना दिसल्या नसत्या. ती भिंत हाय ना. तुमचीच ना ती?"

भिंत माझीच आहे, असे मी सांगितले.

"मंग ती पन लिवा."

भिंतीचा प्रश्न त्या तपासणीच्या कक्षेत नव्हता. मी वही मिटली.

भिंतीविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. सेवानिवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी ती स्वतः उभी राहून बांधून घेतली. जागेवर रोज कोणी ना कोणी कचरा टाकीत होते. गवंडी म्हणाला होता की कोपरा गोल घेऊ या, रस्त्यालाही बरे पडेल. मी त्याला सांगितले की गोल कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे माप, लावता येत नाही, आणि जिला गुण्या लावता येत नाही ती भिंत मी मानीत नाही. कोपरा नव्वद अंशांचा झाला. आजही गुण्या लावून पाहावा, केसाचे अंतर सापडणार नाही. ही सहा वाक्ये झाली.

मला सुचलेला उपाय सोपा होता. देव तीस फूट पुढे, सरळ रस्त्यावर न्यायचा. तिथे लोकांनी हवे तितके हात सोडावेत, आणि पत्नीला डांबराबाहेर उभे राहायला जागा आहे. यासाठी भगताची संमती हवी होती.

त्या देवाची पूजा ज्याच्या घराण्याकडे आहे तो आमचा भगत. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पण दोनदा एकाच वर्गात राहिल्यामुळे शाळेत माझ्याच बाकावर बसत असे. पत्नीच्या पायाची त्याने आधी चौकशी केली. मग माझे म्हणणे ऐकले.

"देव हलवायचा?"

"तीस फूट."

"त्यापेक्षा तू हल की तीस फूट," तो म्हणाला. नंतर गंभीर झाला. देवाला विचारल्याशिवाय तो दगडाला बोट लावणार नव्हता. कौल लावावा लागेल.

कौलाची रीत अशी. देवाच्या दोन्ही खांद्यांवर झेंडूची एकेक पाकळी पाण्याने चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. देवाची उजवी पाकळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. आता, देवाचे तोंड दक्षिणेकडे असल्यामुळे त्याचा डावा खांदा पूर्वेला येतो. सकाळी ऊन त्या खांद्यावर पडते, तिथली पाकळी वाळते आणि सुटते. दुपारी तीननंतर ऊन उजव्या खांद्यावर येते. म्हणजे आमचा देव सकाळी नाही म्हणतो आणि दुपारनंतर हो म्हणतो. ही गोष्ट मला सोळाव्या वर्षी कळली. भगताला त्याच्या आधी कळली असणार. गावातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला ती ठाऊक आहे आणि आजवर कोणीही ती तोंडाने उच्चारलेली नाही. देवाला काय विचारायचे यावरून आमच्या गावात कधी भांडण झालेले नाही. भांडण होते ते किती वाजता विचारायचे यावरून. स्थळ पसंत नसले की मुलीचा बाप सकाळी आठ वाजता फुले घेऊन देवापाशी हजर असतो.

मी म्हणालो, "चार वाजता लावू."

"चार कशाला? आत्ता लावू. चांगल्या कामाला उशीर करू न्हाय."

"आत्ता ऊन आहे."

"मंग टोपी घाल."

मी चारवर ठाम राहिलो. त्याला चार वाजता भाचीच्या साखरपुड्याला जायचे होते. त्याच्या सर्व भाच्यांची लग्ने मी जेवलो आहे, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला की ही दूरची भाची. मग त्याने विचारले की मला देवाची घाई आहे की नाही. घाई नसेल तर संक्रांत होऊ दे, पुढच्या रविवारी पाहू. उद्याची सकाळ सात वाजता येणार होती. मी दहाच्या वेळेला कबूल झालो. आपण हरलो आहोत हे मला माहीत होते, आणि मला माहीत आहे हे त्याला माहीत होते. त्याने मला चहा दिला.

त्याचे खरे कारण मी समजू शकतो. त्याच्या वडिलांनी तो दगड हलवला नव्हता, आजोबांनी नव्हता. पहिला हात लावणारा आपण का व्हावे? त्याच्या जागी मी असतो तर मीही दहाचीच वेळ दिली असती.

कौल आहे ही बातमी दहापर्यंत सर्वत्र पोचली होती. गल्लीतली पंधरावीस माणसे जमली. कोळीण साक्षीदार म्हणून थांबली होती आणि टबावर बसली होती. आणि पत्नी आली. पायाला फडके बांधून, भिंत धरत, पोचा आलेले ताट घेऊन. मी तिला घरी थांबायला सांगितले होते. देव हलवायचा बेत तिला शेजारणीकडून कळला होता. सर्वांसमोर तिने मला एवढेच विचारले:

"मला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मी तिच्यासमोर खुर्ची उघडून ठेवली. ती बसली नाही.

भगताने दगड पुसला, पाकळ्या लावल्या, आणि देव तीस फूट हलवावा काय, असे विचारले. डावा खांदा उन्हात चमकत होता. सहा मिनिटांनी डावी पाकळी पडली. भगताने माझ्याकडे पाहिले नाही. हा त्याचा चांगुलपणा.

मी खुर्ची मिटू लागलो, तेवढ्यात पत्नी म्हणाली, "भाऊजी, अजून एकदा लावा. मला विचारायचंय."

भगत थबकला. बाईमाणसाने कौल विचारू नये असा नियम नाही. कोणी विचारला नव्हता इतकेच. त्याने पाकळ्या ओल्या करून लावल्या. पत्नी देवासमोर उभी राहिली. मग ती एक पाऊल मागे आणि एक पाऊल बाजूला सरकली. तिची सावली देवाच्या डाव्या खांद्यावरून उतरली. त्या क्षणी मला समजले की उन्हाची ती गोष्ट तिलाही ठाऊक आहे. बेचाळीस वर्षांत ती हे मला कधी बोलली नव्हती. मीही तिला बोललो नव्हतो.

"देवा," तिने विचारले, "गाडी चालवणाऱ्यानं तुझ्यासमोर आल्यावर हात सोडावा का?"

डावी पाकळी पाच मिनिटांत पडली. नाही.

जमलेल्यांत हालचाल झाली. इतक्या वर्षांत देवाने स्वतःच्या नमस्काराबद्दल प्रथमच मत दिले होते. ज्यांनी नुकतेच हात सोडले होते ते हात पाठीमागे नेऊन उभे राहिले. एका वृद्धाने शंका काढली: हात सोडायचा नाही तर देवाला कळणार कसे? कोणी म्हणाले, मान झुकवावी. मी म्हणालो की मान झुकवणे म्हणजे डोळे झुकवणे. दोष तोच राहतो.

कोळीण टबावरून उठली नाही. "तुमी देवलात शिरताना काय करता?" तिने विचारले. "घंटा वाजवता ना? मंग हॉर्न वाजवा. देवाला पन कलेल, आनि वलनापलीकडं कोन आसल त्यालाही."

हे भगताला पसंत पडले. वळणाआधी एकदा हॉर्न, हीच देवाची घंटा, असे त्याने तिथल्या तिथे जाहीर केले. माझे घर साठ पावलांवर आहे, हे कोणी विचारात घेतले नाही. मीही तो विषय काढला नाही. पुढचा दुचाकीवाला येताच पाच जणांनी त्याला ओरडून नियम सांगितला. तो घाबरून थांबला आणि त्याने तीनदा हॉर्न वाजवला.

मला वाटले, संपले. मी समाधानी होतो. आणि पत्नी म्हणाली, "अजून एकदा, भाऊजी."

"आता काय ऱ्हायला?"

"एकच."

पाकळ्या लागल्या. ती पुन्हा बाजूला सरकली.

"देवा, तुझ्या पाठीमागची ही भिंत अशीच उभी राहावी का?"

मी घड्याळ पाहिले. दहा वाजून सव्वीस मिनिटे. ऊन पूर्ण डाव्या खांद्यावर होते. सर्वजण पाकळीकडे पाहत होते. कोळीण माझ्याकडे पाहत होती.

मी उंच आहे. दोन पावले पुढे सरलो असतो तर माझी सावली नेमकी त्या खांद्यावर पडली असती, आणि पाकळी दुपारपर्यंत हलली नसती. हे गणित मी केले. दुसरे गणित असे होते: हे उत्तर उन्हाचे आहे असे मी म्हणालो, तर आधीचे उत्तरही उन्हाचेच होते, आणि उद्या सात वाजता सगळे हात पुन्हा कपाळावर. ते उत्तर खरे धरायचे तर हेही खरे धरावे लागेल. तपासनीसाला एक भाग मंजूर आणि त्याच साच्यातला दुसरा नामंजूर करता येत नाही.

मी सरलो नाही. पाकळी पडली.

भगताने ती उचलून माझ्या हातावर ठेवली. "बोल, साहेब."

"पहार आहे का तुझ्याकडे?" मी विचारले.

होती. मी खडूने भिंतीवर रेषा मारली. कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना आठ आठ फूट, जमिनीपर्यंत. देवाला धक्का लागू नये म्हणून त्याच्याभोवती गोणपाट गुंडाळले. भिंत वरच्या थरापासून, एकेक वीट सोडवीत उतरवायची, असे मी सर्वांना सांगितले. अर्धा तास सर्वांनी ते पाळले. भगताने पहार चालवून चालवून शेवटी कमरेवर हात ठेवले.

"कोनी बांधली रे ही? निघतच न्हाय."

त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेली प्रशंसा तेवढीच. दुपारी कोळणीने पालीहून नवऱ्याला पाठवले. तो होडीवरचा माणूस. त्याने माझी रेषा पाहिली, घण उचलला आणि एकेक वीट हा विषय संपवला. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी काही थांबून हात लावीत होते. बाकीचे हॉर्न वाजवून जात होते. काही हात सवयीने उठत आणि हवेत अर्ध्यावर थांबत. एका माणसाने कपाळापर्यंत पोचलेला हात तसाच डोके खाजवायला वापरला.

चार वाजता भगत काम सोडून निघाला. मी साखरपुड्याची आठवण करून दिली. तो म्हणाला की साखरपुडा मोडला, आणि जाऊन झोपला.

साडेचारला राडारोडा बाजूला झाला. मी पत्नीला तिच्या नेहमीच्या जागी उभे केले. घरून स्टूल आणले, पालीच्या बाजूला नेले आणि स्कूटरवर बसणाऱ्याच्या डोळ्याइतक्या उंचीवर माझे डोळे येतील असा त्यावर बसलो. वीस फुटांवरून ती दिसली. मी स्टूल मागे नेले. तीसवरून दिसली. चाळीसवरून दिसली. सकाळी तिथून फक्त वीट दिसत असे. मी मागे जात राहिलो. साठवर माझी टेप संपली. पुढे मी पावले मोजली. तिने निळे लुगडे नेसले होते आणि घोट्यावरचे पांढरे फडकेही दिसत होते. एका ठिकाणी मी जरा जास्त वेळ बसलो.

"किती मागे जाणार?" ती तिकडून म्हणाली. "दिसतेय का मी?"

"दिसतेस."

"मग या आता. पाय दुखतोय."

एक काम उरले होते. ती अजूनही डांबरावर उभी होती. आता देवाच्या शेजारी, पूर्वी भिंत होती त्या जागी, आत उभे राहता येईल एवढी मोकळी जागा झाली होती. पण तिथून देव समोर येत नाही, बाजूला येतो. हे तिला मान्य होणार नाही असे मी धरून चाललो होतो. मी वाक्ये जुळवीत होतो. तिने ती ऐकून घेतली नाहीत.

"मामंजींच्या समोर मी जन्मभर बाजूलाच उभी राहिले," ती म्हणाली. "माझं काही अडलं नाही. हा देव काही त्यांच्याहून कडक नाही."

माझ्या वडिलांविषयीचे हे मत मी प्रथमच ऐकले. ते बरोबर आहे.

भरावामुळे आमची जागा रस्त्याहून फूटभर उंच आहे. मी निघालेल्या विटांतल्या धड विटा निवडल्या आणि मध्ये एक पायरी रचली. रुंदी दीड फूट, उंची सहा इंच, दोन्ही टोके सारखी. पत्नीने ताट माझ्याकडे दिले आणि उजवा पाय ठेवून चढली. दुसऱ्या पावलाला, सगळा भार डाव्या घोट्यावर आला तेव्हा, तिने माझा खांदा धरला. वर उभी राहून तिने हात जोडले. पाठीमागून एक मोटारसायकल हॉर्न वाजवीत, चांगल्या सहा फुटांवरून गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. मी पाहिले. दोन्ही हात दांड्यावर होते.

तिला घरी पोचवून मी परत आलो. उजेड थोडा होता. पायरी मोडली. तिच्या आणि आणखी काही धड विटा आडव्या घालून, कमी उंचीच्या तीन पायऱ्या केल्या, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी प्रत्येकीवर पाणसळ ठेवून पाहिली. मधली किंचित डावीकडे कलली होती. तिच्याखाली भरावातला कौलाचा एक तुकडा सारून ती सरळ केली.